विश्लेषण : जर्मनीत घरोघरी गांजाची तीन झाडे, ती कोमेजली तर काय?

जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ नागरिकांना आणि रहिवाशांना घरात गांजाची तीन झाडे लावण्याची मुभा दिली. काळा बाजार मोडायचा आणि लोकांच्या हाती भेसळमुक्त माल पडावा, हे त्यामागचे उद्दिष्ट. पण कायदा झाला म्हणून शेती जमत नाही. चौथ्या मजल्यावरच्या सदनिकेत, दिव्याच्या उजेडात वाढणारे हे झाड नाजूक असते. ते ‘ताणा’खाली आले की पाने पिवळी पडतात, वाढ खुंटते, फुलांना बुरशी लागते. मग घरातला हौशी बागायतदार हाताला येईल ते खत आणि औषध झाडावर ओततो. या घरगुती बागेत नेमके काय बिघडते, झाड सावरते कसे, आणि त्याचा कायद्याच्या यशापयशाशी काय संबंध, याचा हा वेध.

कायदा काय सांगतो?

जर्मन संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, म्हणजे बुंडेस्टागने, २३ फेब्रुवारी २०२४ रोजी हा कायदा मंजूर केला. महिनाभराने राज्यांचे सभागृह असलेल्या बुंडेसराटने त्याला वाट मोकळी करून दिली. तत्कालीन आरोग्यमंत्री कार्ल लाउटरबाख हे त्याचे प्रमुख शिल्पकार. कायद्यानुसार १८ वर्षांवरील व्यक्तीला सार्वजनिक ठिकाणी २५ ग्रॅमपर्यंत आणि घरी ५० ग्रॅमपर्यंत सुका गांजा बाळगता येतो. किमान सहा महिने जर्मनीत वास्तव्य असलेल्या प्रौढाला घरात एका वेळी तीन जिवंत झाडे ठेवता येतात. झाडे आणि माल मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी व्यवस्था करणे बंधनकारक आहे. घरी पिकवलेला गांजा केवळ स्वतःसाठी. तो विकणे तर सोडाच, मित्राला फुकट देणेही बेकायदा आहे.

दुसरा मार्ग लागवड मंडळांचा. १ जुलै २०२४ पासून जास्तीत जास्त ५०० सदस्यांच्या ना-नफा मंडळांना परवाना घेऊन सामूहिक लागवड करता येते. सदस्याला महिन्याला ५० ग्रॅमपर्यंत माल मिळतो. १८ ते २१ वयोगटासाठी ही मर्यादा ३० ग्रॅम असून त्यात नशा आणणाऱ्या ‘टीएचसी’चे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक असता कामा नये. दुकानातून खुली विक्री मात्र नाही. म्हणजे ज्याला मंडळात जायचे नाही आणि औषध म्हणून डॉक्टरांची चिठ्ठीही नाही, त्याच्यापुढे कायदेशीर मार्ग एकच उरतो : स्वतः पिकवा. साहजिकच, घरातली ती तीन झाडे जगणे हा केवळ छंदाचा भाग राहत नाही.

‘ताण’ म्हणजे नेमके काय?

महाराष्ट्रातल्या फळबागायतदाराला हा शब्द नवा नाही. डाळिंब किंवा संत्र्याचा बहार धरताना झाडाचे पाणी तोडून त्याला मुद्दाम ‘ताण’ दिला जातो. वाढ थांबते, झाडात अन्नसाठा होतो आणि पाणी सुरू होताच ते फुलावर येते. म्हणजे ताण हा आजार नव्हे. प्रतिकूल परिस्थितीला झाडाने दिलेला तो प्रतिसाद आहे. पाणी कमी पडले की पानांवरची सूक्ष्म रंध्रे बंद होतात. त्यामुळे पाण्याची बचत होते, पण कर्बवायू आत येणेही थांबते आणि प्रकाशसंश्लेषण मंदावते. ताण थोडा आणि थोडा काळ असेल तर झाड त्यातून बाहेर येते. तो लांबला किंवा एकावर एक ताण येत गेले तर मात्र मुळे मरतात, पाने गळतात आणि कीड-रोगांना दार उघडे होते.

जमिनीतल्या झाडाला चुका पोटात घालण्याची सोय असते. मुळे खोल जातात, पाऊस क्षार धुऊन नेतो, वारा ओल उडवून लावतो. १०-१२ लिटरच्या कुंडीतल्या आणि कपाटाएवढ्या तंबूतल्या झाडाकडे यातले काहीच नसते. पाणी, उजेड, हवा, खत या सगळ्याचा कर्ता-करविता माणूस असतो. त्यामुळे घरातल्या झाडाचा बहुतेक ताण हा निसर्गाचा नसून मालकाच्या अतिउत्साहाचा असतो.

जर्मन घर गांजाला का मानवत नाही?

गांजा हे मूळचे मध्य आणि पूर्व आशियाच्या परिसरातले, भरपूर उन्हाचे झाड. बर्लिनमध्ये डिसेंबरच्या अखेरीस दिवस जेमतेम पावणेआठ तासांचा असतो आणि आकाश बहुधा ढगाळ. खिडकीत ठेवलेले रोप उजेडाच्या शोधात काडीसारखे उंच आणि लेचेपेचे होते. शिवाय गांजा हे ‘लहान दिवसाचे’ झाड आहे, शेवंतीसारखेच. सलग लांब रात्र मिळू लागली की ते फुलावर येते. त्यामुळे हिवाळ्यात खिडकीतले रोप वीतभर असतानाच फुलू लागते आणि हाती काहीच लागत नाही.

म्हणून बहुतेक जण एलईडी दिवा, पंखा आणि कापडी तंबू आणतात. वाढीच्या काळात १८ तास उजेड, फुलोऱ्यासाठी १२ तास उजेड आणि १२ तास काळोख, असे वेळापत्रक लावले जाते. पण हिवाळ्यात खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरमुळे हवा कोरडी पडते. उन्हाळ्यात उलटे : बहुतेक जर्मन घरांत वातानुकूलन यंत्रणा नाही आणि उतरत्या छपराखालच्या खोल्या तापतात, त्यात तंबूतल्या दिव्याची भर पडते. या झाडाला साधारण २० ते २८ अंश सेल्सियस तापमान मानवते. पारा ३० अंशांच्या वर रेंगाळू लागला की पानांच्या कडा वर वळून पन्हाळीसारख्या होतात.

तिसरी अडचण नळाच्या पाण्याची. जर्मनीच्या अनेक भागांत, बर्लिन धरून, पाणी जड आहे. त्यातल्या बायकार्बोनेटमुळे कुंडीतल्या मातीचा सामू हळूहळू वर चढतो. मातीत लोह असूनही ते मुळांना उचलता येत नाही आणि नवी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. मालकाला वाटते खत कमी पडले. तो आणखी खत घालतो आणि दुखणे दुप्पट होते.

पहिला संशय कशावर घ्यावा?

पाण्यावर. नवशिक्याच्या हातून झाड तहानेने कमी आणि लाडाने जास्त मरते. मुळांना पाण्याइतकीच प्राणवायूची गरज असते. माती सतत चिंब राहिली की तिच्यातली हवेची जागा पाणी घेते, मुळे गुदमरतात आणि कुजू लागतात. कुजलेल्या मुळांना पाणी उचलता येत नाही, म्हणून झाड भिजलेल्या मातीतही मान टाकते. ते पाहून मालक आणखी पाणी घालतो. पाणी जास्त झाल्यावर पाने जड, फुगीर होऊन खाली वाकतात. पाणी कमी पडले तर ती पातळ, कागदासारखी होऊन लोंबतात. मराठी शेतकरी ज्याला ‘वाफसा’ म्हणतो, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असण्याची स्थिती, तीच कुंडीतही हवी असते.

ती ओळखण्याची सर्वात भरवशाची पद्धत म्हणजे कुंडी उचलून पाहणे. भिजवल्यानंतरचे आणि कोरडी झाल्यावरचे वजन हाताला एकदा कळले की मापक यंत्राची गरज उरत नाही. वरचा दोन-तीन सेंटीमीटर थर कोरडा झाल्यावर, तळातून थोडे पाणी निथळेल इतके द्यायचे आणि बशीत साचलेले ओतून टाकायचे. पाणी जास्त झालेल्या झाडाला उपाय म्हणजे थांबणे. कुंडी तळाखाली विटा किंवा जाळी ठेवून उचलून घ्यायची, पंख्याने हवा खेळती ठेवायची, खत पूर्ण बंद करायचे. मातीला वास येत असेल आणि मुळे तपकिरी, बुळबुळीत झाली असतील तर कुजका भाग काढून नव्या, निचऱ्याच्या मिश्रणात झाड हलवावे लागते. मुळे पांढरी असतील तर हलवाहलव करू नये. तो नवा ताण ठरतो.

मातीविना, पाण्यातल्या अन्नद्रव्यांवर वाढवलेल्या म्हणजे हायड्रोपोनिक झाडाचे गणित वेगळे असते. तिथे मुळे पाण्यातच असतात, पण त्या पाण्यात पंपाने हवा सोडलेली असते. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. म्हणून द्रावण १८ ते २१ अंशांच्या आसपास ठेवले जाते. त्यावर गेले की मूळकुजीची बुरशी जोर धरते. या पद्धतीत वाढ वेगवान असते, पण पंप काही तास बंद पडला तरी झाड कोलमडते.

पाने काय सांगतात?

पिवळे पान म्हणजे खताची कमतरता, हा समज अर्धवट आहे. पान कोणते पिवळे पडले, हे आधी पाहायचे असते. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्ये झाडात हलती असतात. टंचाई आली की झाड ती जुन्या पानांतून काढून नव्यांना देते. म्हणून यांची कमतरता खालच्या, जुन्या पानांवर आधी दिसते. कॅल्शियम आणि लोह यांची अशी हलवाहलव होत नाही. त्यांची कमतरता शेंड्याकडच्या कोवळ्या पानांवर उमटते. खालची पाने सरसकट फिकी पडत असतील तर नत्र; खालच्याच पानांच्या शिरांमधला भाग पिवळा होत असेल तर मॅग्नेशियम; वरच्या पानांत तसे दिसत असेल तर बहुधा लोह, आणि त्यामागे सामूची गडबड. फुलोऱ्याच्या शेवटच्या आठवड्यांत खालची पाने पिवळी पडणे मात्र नैसर्गिक असते. तिथे उपचाराची गरज नाही.

पानांची टोके जळाल्यासारखी तपकिरी आणि पाने गडद हिरवी, नख्यासारखी वाकलेली असतील तर खत जास्त झाले आहे. कुंडीत क्षार साचले की मुळांनी पाणी उचलण्याऐवजी पाणी मातीतच अडकून राहते. खारवट जमिनीत उसाचे होते तेच. अशा वेळी सामू योग्य केलेले साधे पाणी कुंडीच्या आकारमानाच्या दोन-तीन पट हळूहळू सोडून क्षार धुऊन काढतात. मग माती वाळू द्यायची आणि नंतर निम्म्या मात्रेने खत सुरू करायचे. मातीत सामू साधारण ६ ते ७ आणि कोकोपीट किंवा हायड्रोपोनिकमध्ये ५.५ ते ६.२ असावा लागतो. त्या पट्ट्याबाहेर गेले की खत असून नसल्यासारखे होते. म्हणून काहीही ओतण्याआधी सामू मोजणे हा या सगळ्या उपचारातला सर्वात स्वस्त आणि सर्वाधिक टाळला जाणारा टप्पा आहे.

उजेडही घातक ठरतो का?

ठरतो. दिव्याच्या अगदी जवळची शेंड्याची पाने आणि फुले पांढुरकी पडली, पण खालचे झाड ठणठणीत आहे, तर तो उजेडाचा मारा आहे. दिवा वर घेणे किंवा त्याची तीव्रता कमी करणे इतकाच त्यावर उपाय. अशक्त झाडाला ‘ताकद’ म्हणून जास्त उजेड देणे म्हणजे आजारी माणसाला पळायला लावण्यासारखे. उजेड वाढला की पाण्याची आणि अन्नाची मागणीही वाढते आणि दुबळी मुळे ती भागवू शकत नाहीत. सावरण्याच्या काळात उजेड थोडा मंद, हवा किंचित दमट आणि तापमान स्थिर असावे.

त्याहून फसवा असतो रात्रीचा उजेड. फायटोक्रोम नावाच्या रंजकद्रव्याच्या आधारे झाड रात्रीची लांबी मोजते. फुलोऱ्यातल्या झाडाच्या अंधाराच्या १२ तासांत तंबूच्या फटीतून येणारा किंवा बाल्कनीत पडणारा रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड हे मोजमाप बिघडवतो. गांजात नर आणि मादी झाडे बहुधा वेगवेगळी असतात, आणि घरी हवी असतात ती मादी झाडे. पण ताणाखालचे मादी झाड कधी कधी स्वतःच नर फुले काढते. जगण्याची शाश्वती नसेल तर निदान बी तरी मागे राहावे, अशी ही निसर्गाची तजवीज. परागकण पडले की फुलांत बिया धरतात आणि शेजारची झाडेही वाया जातात. इतर ताण आठवड्या-दोन आठवड्यांत निवळतात. याचे परिणाम मात्र त्या हंगामात परत फिरत नाहीत.

झाड सावरते कसे?

उपचारांचा क्रम उपचारांइतकाच महत्त्वाचा. आधी कारण शोधायचे : पाणी, सामू, तापमान, उजेड, मग खत, याच क्रमाने. पानाच्या मागच्या बाजूला भिंगातून पाहून लाल कोळी, मावा किंवा फुलकिडे नाहीत याची खात्री करायची. त्यानंतर एका वेळी एकच बदल करायचा आणि तीन-चार दिवस थांबायचे. एकाच दिवशी कुंडी बदलली, खत बदलले, दिवा हलवला, छाटणी केली, तर झाड सुधारले तरी कशाने सुधारले ते कळत नाही आणि बिघडले तर आणखीच गोंधळ.

जळालेले किंवा पिवळे झालेले पान पुन्हा हिरवे होत नाही. म्हणून सुधारणा जुन्या पानांत शोधायची नसते. शेंड्याला येणारी नवी पाने निरोगी आहेत का, तेवढेच पाहायचे. ती साधारण एक ते दोन आठवड्यांत दिसू लागतात. अर्धवट हिरवी पाने काढू नयेत, कारण तेच झाडाचे उरलेले स्वयंपाकघर असते. पूर्ण वाळलेली तेवढी काढावीत. शेंडा खुडणे, फांद्या वाकवणे, कुंडी बदलणे, हे सारे झाड उभारी धरेपर्यंत लांबणीवर टाकावे. साखरेचे पाणी, अ‍ॅस्पिरिनची गोळी, दोन दिवस अंधारात ठेवणे असे घरगुती तोडगे गुण येण्यापेक्षा वेळ घालवतात. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे टॉनिक जड पाणी असलेल्या शहरात तर अनेकदा अनावश्यकच ठरते.

सावरायला वेळ किती मिळतो, हे वाणावर अवलंबून आहे. उजेडाच्या तासांवर फुलणाऱ्या वाणाला वाढीच्या अवस्थेत दोन-तीन आठवडे जादा देता येतात. १८ तासांचा उजेड चालू ठेवला की झाले. ‘ऑटोफ्लॉवर’ म्हणजे वयानुसार आपोआप फुलणाऱ्या वाणात ती सोय नाही. त्याचे आयुष्यच १०-१२ आठवड्यांचे. तिसऱ्या आठवड्यात बसलेला धक्का भरून निघण्याआधी ते फुलावर येते आणि खुजे राहते. नवशिक्यांना सोपे म्हणून हेच वाण सुचवले जाते, हा त्यातला विरोधाभास.

मुद्दाम ताण दिला तर नशा वाढते का?

ही समजूत जुनी आहे, आणि तिला थोडा वैज्ञानिक आधारही आहे. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये फुलोऱ्याच्या सातव्या आठवड्यात एका वैद्यकीय वाणाचे पाणी नियंत्रितपणे तोडले. तेव्हा फुलांतील टीएचसीच्या पूर्वद्रव्याचे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी वाढलेले आढळले. पण अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या २०२१ मधील अभ्यासात पूर, जखमा, भुरी रोग, तणनाशक असे वेगवेगळे ताण देऊनही हेम्पमधील घटकद्रव्यांचे परस्पर प्रमाण बदलले नाही. ते मुख्यतः वाणाच्या जनुकांवर ठरते. नियंत्रित प्रयोगशाळेतला ११ दिवसांचा मोजून-मापून दिलेला ताण आणि घरात विसरलेले पाणी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्यात फक्त उत्पादन घटते.

प्रत्येक दुखणे म्हणजे ताण नव्हे?

बरोबर, आणि आरोग्याचा खरा धोका इथेच आहे. झाड वाढत नाही, फांद्या ठिसूळ, फुले बारीक, आणि पाणी-खत सगळे व्यवस्थित, असे असेल तर ‘हॉप लेटंट व्हायरॉइड’चा संशय घ्यावा लागतो. विषाणूहूनही लहान असलेला हा संसर्ग २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातील गांजात ओळखला गेला. हॉप्स आणि गांजा ही एकाच कुळातली झाडे. बीअरला कडवटपणा देणारे हॉप्स पिकवणारा जगातला सर्वात मोठा सलग पट्टा, हालरटाउ, जर्मनीतच आहे. हा संसर्ग कलमांतून आणि कात्रीतून पसरतो. त्यावर इलाज नाही. झाड नष्ट करणे आणि हत्यारे ब्लीचच्या द्रावणात निर्जंतुक करणे एवढेच हाती असते.

दाट फुलांत लागणारी करडी बुरशी ही दुसरी सीमारेषा. खोलीत ओल कोंडली की ती फुलाच्या आतून सुरू होते. तसे फूल ‘वरवर चांगले’ म्हणून ठेवणे धोक्याचे, कारण बुरशीचे बीजाणू धुरासोबत फुफ्फुसात जातात. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना त्यातून गंभीर संसर्ग होऊ शकतो. तिथे झाड वाचवणे हा विषयच उरत नाही.

तिसरा धोका फवाऱ्याचा. नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदाराला भुरीवरचे मायक्लोब्युटानिल हे बुरशीनाशक परिचित आहे. द्राक्ष धुऊन खाल्ले जाते. गांजा जाळला जातो. जळताना या औषधातून हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू तयार होऊ शकतो. कॅनडात २०१६-१७ मध्ये परवानाधारक उत्पादकांच्या वैद्यकीय गांजात हे औषध सापडले आणि माल बाजारातून परत मागवावा लागला. तो तपासणीत सापडला तरी. घरातल्या गांजाची प्रयोगशाळेत तपासणी करण्याची सक्ती जर्मनीतही नाही. शोभेच्या झाडांसाठीचे औषध फुलोऱ्यातल्या गांजावर मारणाऱ्याला अडवणारे कोणी नाही. काळ्या बाजारातल्या भेसळीपासून लोकांना वाचवण्यासाठी दिलेली सवलत अशा रीतीने घरातच निष्फळ ठरू शकते.

झाड सावरले, की कायदा मोडला?

इथे कायद्यातली एक विसंगती समोर येते. आजारी झाड मालकाला बाजाराकडे ढकलते, हे खरे. पण ठणठणीत झाडही त्याला अडचणीत आणते. चांगल्या दिव्याखालच्या एकाच सशक्त झाडापासून ५० ग्रॅमहून अधिक सुकी फुले मिळू शकतात. तिन्ही झाडे एकदम काढणीला आली तर मर्यादा कितीतरी ओलांडली जाते. ५० ते ६० ग्रॅमपर्यंत दंड, त्यापुढे फौजदारी गुन्हा. जास्तीचा माल कोणाला देता येत नाही, म्हणजे तो नष्ट करणे हाच कायदेशीर मार्ग. वर्षभर पुरेल इतके एकदाच पिकवायचे नाही, असा याचा अर्थ. तो पाळायचा तर झाडे पुढे-मागे लावावी लागतात आणि घरात बारमाही शेती करावी लागते. चौकोनी कायदा आणि गोल निसर्ग यांचा मेळ बसत नाही तो असा.

भारतात काय स्थिती?

भारतात घरात गांजाचे एक झाड लावणेही गुन्हा आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, म्हणजे ‘एनडीपीएस’च्या, कलम २० नुसार बेकायदा लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांविना असलेली पाने आणि बिया त्यात येत नाहीत. भांग काही राज्यांत चालते ती यामुळे. धागा आणि बियांसाठी लागवडीला परवानगी देण्याचा अधिकार कलम १४ मध्ये आहे आणि त्याच आधारे उत्तराखंडने २०१८ मध्ये औद्योगिक हेम्पला परवाना दिला. महाराष्ट्रात उसात, तुरीत किंवा कपाशीत लपवून लावलेली झाडे पोलीस उपटत असल्याच्या बातम्या नेहमीच्या आहेत.

मुंबई विमानतळावर अलीकडे वारंवार पकडला जाणारा ‘हायड्रोपोनिक गांजा’ही याच बंदिस्त लागवडीतून येतो. त्यातला बराचसा बँकॉकहून आलेला असतो. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून वगळला आणि जून २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली. बंदिस्त लागवडीत तापमान, उजेड, खत यांवर पूर्ण ताबा असतो. म्हणून माल जोरकस निघतो आणि किंमतही कितीतरी जास्त मिळते. वाहकाच्या वाट्याला मात्र तुरुंग येतो.

जर्मनीत शिकायला गेलेल्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ५० हजारांच्या घरात गेली आहे आणि त्यात मराठी मुले-मुली मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यासाठी दोन बाबी महत्त्वाच्या. पहिले सहा महिने लागवडीची मुभा त्यांना लागू होत नाही. आणि तिथे कायदेशीर असलेला माल सुटीत घरी येताना सामानात सापडला तर इथे एनडीपीएस लागतो. जर्मन कायद्याचा हवाला चालत नाही. गाडी चालवणाऱ्यांसाठी जर्मनीतही रक्तद्रवात टीएचसीची मर्यादा एका मिलिलिटरला ३.५ नॅनोग्रॅम आहे. पंचविशीपर्यंत मेंदूची वाढ सुरू असते आणि त्या वयात नियमित सेवनाने स्मृती व मानसिक आरोग्यावर परिणाम होऊ शकतो, हा इशारा खुद्द जर्मन सरकारच देते.

पुढे काय?

२०२५ मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीतील ख्रिश्चन डेमोक्रॅट्सचा या कायद्याला पहिल्यापासून विरोध. मात्र सहकारी सोशल डेमोक्रॅट्सशी झालेल्या करारात तो रद्द करण्याऐवजी खुल्या मनाने मूल्यमापन करण्याचे ठरले. ते करताना गुन्हे, तरुणांमधील सेवन, आरोग्यावरचे परिणाम मोजले जातील. काळा बाजार किती हटला, हा त्यातला कळीचा प्रश्न. त्याचे उत्तर संसदेत जितके आहे तितकेच घराघरांतल्या तंबूंतही आहे. मंडळांचे जाळे अपुरे, दुकाने नाहीत. अशा वेळी स्वच्छ माल पिकवण्याची भिस्त ज्याच्यावर टाकली आहे, तो नागरिक शेतकरी नाही. त्याला बियाणे मागवता येते, दिवा विकत घेता येतो. पण वाफसा, सामू, बुरशी आणि फवारणी यांची माहिती त्याला मिळते ती खत विकणाऱ्यांकडून. खते विकणारा ‘काही घालू नका, थांबा’ असे सहसा सांगत नाही. झाड लावण्याची परवानगी देणाऱ्या सरकारने ते निरोगी कसे ठेवायचे आणि कधी उपटून टाकायचे, हेही सांगायला हवे. ते न सांगता केलेला कायदा मातीशिवाय लावलेल्या रोपासारखा राहील. पंप चालू आहे तोवर ठीक.